अंगणातल्या कृत्रिम लॉनसाठी २५, ३५ की ५० मिमी?

प्रश्न: गाव यवतमाळ जिल्ह्यात. अंगण २० बाय १५ फूट, जमीन काळी, दिवसभर ऊन. पोरं खेळतात, खाटा-खुर्च्याही पडतात. पात्याची उंची किती घ्यावी?

उत्तर १: भाऊ, ३० ते ३५ मिमी घ्या. ५० मिमी दुकानात गुबगुबीत दिसते, पण खाटेच्या पायाखाली पातं झोपतं आणि पालापाचोळा मुळाशी अडकतो. २५ मिमी झाडायला सोपी, फक्त बसायला जरा टणक. उंचीपेक्षा दाट विणीला पैसे द्या: पातं वाकवून पाहा, खालचं कापड उघडं दिसलं तर घेऊ नका.

उत्तर २: उंचीआधी काळ्या मातीचं पाहा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या लॉनच्या पट्ट्यांचे जोड उकलतात. फूटभर माती काढून मुरूम दाबा, वर दोन इंच दगडाची चुरी, १०० फुटांना एक फूट उतार. लॉन अंथरल्यावर पात्यांच्या मधे धुतलेली, कोरडी सिलिका वाळू (बारीक पांढरी वाळू) भरा, चौरस मीटरला ६ किलो, म्हणजे तुम्हाला १७० किलोच्या आसपास. नाल्याची रेती नको, तिच्यातली माती पाणी जिरू देत नाही.

उत्तर ३: मे महिन्यात दुपारी कोणत्याही उंचीवर अनवाणी पाय पोळतो. सावलीसाठी वर हिरवी नेट बांधा, संध्याकाळी पाणी शिंपडा.