सायलेन्सरचा स्टड हेडमध्येच तुटला, मदत हवी आहे

बाइकचं इंजिन एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर, हेड (सिलिंडरचा वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं. बेंड पाइप धरणारा खालचा ८ मिमीचा स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, बिनडोक्याचा बोल्ट) नट सोडवताना पिळवटून तुटला. जेमतेम मिलिमीटरभर टोक बाहेर आहे, त्यावर व्हाइस ग्रिप घसरते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, हीट गनने आजूबाजूचं हेड तापवलं, तरी ढिम्म. ईझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार) मुद्दाम लावलेला नाही. तो आत तुटला तर त्या कडक पोलादावर साधा ड्रिल बिट चालणार नाही.

इंजिन फ्रेममध्येच आहे, पुढचं चाक काढून समोरून ड्रिल सरळ लागतो. हेड उतरवायची वेळ शक्यतो येऊ नये.

टोकावर नट वेल्ड करून फिरवावा, की मध्यावर पंच मारून ड्रिल करावं आणि हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची तारेची गुंडाळी) बसवावं? वेल्डिंग करायचं तर बॅटरीबरोबर सीडीआयही (स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) काढावा लागेल का?