क्रॅश बँडिकूटची नवी आवृत्ती: पुलावरून मीच घसरतो आहे की खेळ बदलला आहे?

महालचा जुना गडी (प्रश्न)

मंडळी, नमस्कार. यंदा मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, तेव्हा भाच्याला दुपारभर कूलरसमोर रमवता यावे म्हणून मी ‘क्रॅश बँडिकूट एन. सेन ट्रिलजी’, म्हणजे क्रॅश नावाच्या प्राण्याच्या तीन जुन्या व्हिडिओ गेमची एकत्रित नवी आवृत्ती, विकत घेतली. खरे सांगायचे तर भाचा हे केवळ निमित्त होते. शाळेत असताना सीताबर्डीच्या एका गल्लीतील गेम पार्लरमध्ये तासाप्रमाणे पैसे मोजून मी यातला पहिला खेळ पूर्ण केला होता, आणि दोरीच्या पुलाची ‘द हाय रोड’ ही लेव्हल तर आमच्या टोळीत इतरांनाही मीच पार करून देत असे.

आता त्याच पुलावर एका बैठकीत माझे तीस-तीस जीव जातात. फळीच्या कडेवर पाय टेकल्याचे डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि तरीही क्रॅश खाली कोसळतो. भाचा म्हणतो, “मामा, तुझं वय झालं.” ते मान्य करण्यापूर्वी जाणकारांना विचारतो: लेव्हल जशीच्या तशी असूनही उडी खरोखरच बदलली आहे, की बोटांची सवय मोडली आहे?

धरमपेठेतील प्रोग्रामर

आपले वय तूर्त बाजूला ठेवू, कारण उडी खरोखरच बदललेली आहे. १९९६ साली नॉटी डॉग कंपनीने केलेला पहिला खेळ आणि २०१७ साली व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने नव्याने बांधलेला खेळ यांत लेव्हलचे नकाशे जवळजवळ सारखे असले, तरी पात्राची हालचाल मुळातून नवी आहे. तिन्ही खेळांसाठी एकच पाया हवा म्हणून त्यांनी तिसऱ्या खेळातील, म्हणजे १९९८ च्या ‘वॉर्प्ड’मधील, हाताळणी आधारभूत धरली. त्या हाताळणीत क्रॅश मूळ पहिल्या खेळापेक्षा किंचित लवकर खाली येतो आणि म्हणून उड्या अधिक नेमक्या माराव्या लागतात, हे नवा खेळ बाजारात आल्यावर लवकरच निर्मात्यांनी स्वतः कबूल केले होते.

दुसरे कारण आपल्या वर्णनाशी तंतोतंत जुळते. पात्र कशाला टेकले आहे हे ठरवण्यासाठी खेळ त्याच्याभोवती एक अदृश्य आकार कल्पितो. नव्या आवृत्तीत तो आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा, तळाशी गोलाकार आहे. सपाट बुडाचा डबा ओट्याच्या कडेवर अर्धा बाहेर ठेवला तरी तो तिथेच उभा राहतो, पण लिंबू ठेवले तर घरंगळते. मूळ खेळात अर्धे पाऊल हवेत असतानाही क्रॅश उभा राहत असे, नव्या खेळात तो लिंबासारखा घरंगळतो. मोठ्या चौथऱ्यांवर हा फरक जाणवत नाही. ‘द हाय रोड’मध्ये मात्र सुट्या फळ्या, पायाखाली निखळणाऱ्या फळ्या आणि ज्यांच्या पाठीवरून उसळी घ्यायची ती कासवे, सगळेच अरुंद आहे.

आपल्या बोटांना जुना खेळ अगदी बरोबर आठवत आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. भाच्याच्या बोटांना विसरायचे काहीच नाही.

सदरची स्नेहल

वरील माहिती योग्य आहे, पण “नवा खेळ अवघड केला” ही नेहमीची तक्रार मला एकांगी वाटते. मी आधी नवी आवृत्ती खेळले आणि नंतर कुतूहलाने मूळ खेळ हाती घेतला, त्यामुळे माझ्याकडे आठवणींचे भांडवल नाही. मूळ पहिल्या खेळात प्रगती साठवायची झाल्यास बोनस फेरी पूर्ण करावी लागे किंवा रत्न मिळवावे लागे. ते जमले नाही आणि जीव संपले, तर पार केलेल्या लेव्हल पुन्हा खेळायच्या. ज्यांच्याकडे मेमरी कार्ड नसे ते त्रिकोण, चौकोन, फुली आणि गोल अशा चिन्हांचा पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत, आणि त्यात एक फुली चुकली की पुढचे सारे व्यर्थ. नव्या आवृत्तीत खेळ आपोआप साठवला जातो. साध्या रत्नांसाठी एकदाही न मरता सर्व पेट्या फोडण्याची जुनी सक्तीही काढली असून ती फक्त रंगीत रत्नांपुरती उरली आहे.

त्यांनी उडीत घेतले ते साठवणीत परत दिले, असा माझा हिशेब आहे. आपले तीस जीव गेले हे खरे, परंतु १९९६ साली ते गेले असते तर तो सगळा तास वाया गेला असता, आणि पार्लरवाल्याने पैसे तर घेतलेच असते.

मानेवाडा चौक

एक व्यावहारिक सूचना करतो. मूळ खेळ आला तेव्हा प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्याने हव्या त्या दिशेला कलवायच्या छोट्या दांड्या) नव्हत्या, सारा खेळ बाणांच्या बटणांवरच बेतलेला होता. नव्या आवृत्तीतही ती बटणे चालतात. पूल सरळ रेषेत आहे आणि स्टिकने क्रॅश नकळत तिरका जातो. बटणे वापरा, आणि उडी कडेवरून न घेता पाऊलभर आधी घ्या.

इतवारीचा निशाचर

दिसण्याबद्दल कोणीच बोलले नाही. मूळ क्रॅशच्या अंगावर बहुतांशी सपाट रंग होते आणि फळीची कडही ठसठशीत दिसे. आता केस, शेवाळ, लाकडाच्या रेषा, धुके, सगळे देखणे आहे, पण या देखणेपणात कड नेमकी कुठे संपते ते मला कळत नाही. २०२० च्या चौथ्या खेळात क्रॅशच्या सावलीभोवती पिवळे वर्तुळ देण्याची सोय केली, ती मला फार आवडली. काही जुने खेळाडू तिला लबाडी समजतात, समजोत.

महालचा जुना गडी

सर्वांचे आभार. काल रात्री बाणांची बटणे वापरून आणि उडी आधी घेऊन पाहिली. फळ्यांवर आता क्वचितच पडतो, परंतु दुसऱ्या टप्प्यातील कासवावर अजूनही अंदाज चुकतो, कारण उसळीनंतर तो माझ्या अपेक्षेपेक्षा आधीच खाली आलेला असतो. एकूण अकरा जीव गेले आणि पूल पार झाला. स्नेहलताईंचा हिशेब मात्र मला पूर्णपणे पटलेला नाही. साठवण सोपी झाली याचा आनंद आहे, पण चुकलेल्या उडीचे दुःख त्याने भरून निघत नाही.

भाच्याने याच दरम्यान पुलाच्या बाजूच्या दोरावर चढून, त्यावरून सरळ चालत पलीकडे जाण्याची युक्ती स्वतःच शोधून काढली. ही युक्ती जुन्या खेळातही होती आणि आमच्या टोळीला मी तसाच पलीकडे नेत असे, हे मी त्याला अद्याप सांगितलेले नाही.