वजन १०४ किलो, हलकं टूरिंग गिअर झेपेल का?

हळूचढ: मंडळी, उंची १८६, वजन १०४ किलो (त्यात पोट किती ते विचारू नका). रिसॉर्टवर बरेच सीझन झालेत, अवघड उतारही नीट उतरतो, आता स्की टूरिंगचं (स्की घालूनच डोंगर चढायचा आणि मग उतरायचं) वेड लागलंय. दिवसाला १००० ते १२०० मीटर चढ, जास्त करून वसंतातला बर्फ, नशिबात असेल तर पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ). ग्रुपमधले बाकीचे सगळे ६५-७० किलोचे काटकुळे, त्यांच्या स्की १३०० ग्रॅमच्या, बूट किलोभराचे, आणि रोज मला ऐकवतात की तू आधीच एवढं वाहतोयस तर गिअर तरी हलकं घे. पटलं म्हणून गेल्या महिन्यात तसाच सेट भाड्याने घेतला. चढताना मजा आली, खोटं कशाला बोलू. पण उतरताना कडक बर्फावर स्की नुसत्या थडथडत होत्या, जरा पुढे रेललो की बूट पुठ्ठ्यासारखा दुमडायचा, आणि एकदा तर ऐन वळणात टाच सुटली आणि मी तोंडावर. दुकानात माझं वजन कुणी विचारलंच नव्हतं. आता स्वतःचं घ्यायचंय, तर हलकं आपल्यासाठी नाहीच का?

बर्फाळ_टाच: मित्रा, तुझे दोस्त ग्रॅम मोजतायत, टक्के मोजत नाहीयेत. त्यांचं गणित बघ, स्की १३००, बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी जोडणी) ३५०, बूट ११००, म्हणजे एका पायाला २७५० ग्रॅम, दोन्ही मिळून साडेपाच किलो. ७० किलोच्या माणसाला हे जवळपास ८ टक्के झाले. तू स्की १६५०, बाइंडिंग ४००, बूट १३५० घेतलेस तर दोन्ही पायांचे ६.८ किलो, म्हणजे तुझ्या वजनाच्या साडेसहा टक्केच! तरी तू त्यांच्यापेक्षा हलकाच. पायावरचं वजन पाठीवरच्यापेक्षा जास्त दमवतं हे खरंय, पण म्हणून पुठ्ठा घालून उतरायचं का?

पैसे आणि ग्रॅम दोन्ही आधी बुटावर घाल. चार बकलचा, १३००-१४०० ग्रॅमच्या घरातला, खालचं कवच कडक असलेला. फ्लेक्सच्या (बूट किती कडक त्याच्या) आकड्यावर जाऊ नकोस, प्रत्येक कंपनीचा १२० वेगळा असतो. दुकानात बकल आवळून पूर्ण वजन पुढे टाक आणि बघ, हळूहळू दाब घेत वाकतो की एकदम कोसळतो. पोटऱ्या जाड असतील तर वरचं बकल लागतंय ना तेही बघ, माझा एक बूट त्यापायीच विकावा लागला.

पिनवाली_ताई: नवरा ११० किलोचा, त्यामुळे या विषयात माझी पीएचडी झालीय 😄

हळूचढ, बाइंडिंगचं सांगते. टाच सुटली म्हणता तर रिलीज व्हॅल्यू (किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडतं तो आकडा) आधीच्या माणसाचीच राहिली असणार, किंवा पिन आणि बूट यांच्यातलं अंतर तुमच्या बुटाला जुळवलं नसेल. ती व्हॅल्यू नुसत्या वजनावर ठरत नाही, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कसं स्की करता ते सगळं बघून तक्त्यावरून काढतात. "मी जाड, लाव जास्तीत जास्त" असं अजिबात करू नका, गुडघा जाईल. पण तुमचा आकडा १० च्या जवळ आला तर १० पर्यंतचं घेऊन शेवटच्या खुणेवर ताणून ठेवण्यापेक्षा १२ पर्यंतचं घ्या.

दुसरं, काही पिन बाइंडिंगना (बूट बारीक पिनांवर धरणाऱ्या) टाचेखाली स्पेसर, म्हणजे आधाराचा छोटा ठोकळा, लावता येतो. तो नसला की उतरताना टाचेकडचा सगळा भार दोन बारीक पिनांवर लटकतो, स्पेसर असला की बूट त्यावर टेकतो. वजन अगदी थोडं वाढतं, पण जड माणसाला फरक लगेच कळतो. नवऱ्याने लावल्यापासून उतारावरची कुरकुर बंद (माझी पण). आणि फार हलक्या स्कीवर स्क्रू उपटून येऊ शकतात, तेव्हा बाइंडिंगखाली मजबुतीची पट्टी आहे का ते विचारून घ्या.

चिंधी_स्किन: मी ९८ किलो, आणि मी उलटं सांगणार. ११०० ग्रॅमचे बूट, १२५० च्या स्की, तीन वर्षं झाली, काही तुटलं नाही. सकाळी लवकर निघायचं, वरचा थर जरा सैलावला की उतरायचं, वळणं गोल घ्यायची, उड्या नाहीत. वसंतात एवढं पुरतं. रिसॉर्टसारखं बुटावर रेलायची सवय सोडली तर अर्धे प्रॉब्लेम जातात.

बर्फाळ_टाच: @चिंधी_स्किन वेळ चुकली आणि क्रस्ट (वरून कडक, आत मऊ बर्फ) लागला की मग? शिवाय त्याला पावडर पण हवीय. तिथे १७० सेंमीची अरुंद स्की घेऊन हा गुडघाभर रुतेल आणि पुढे ट्रॅक फोडायची पाळी आली तर संपलाच. १८४ च्या आसपास लांबी, कमरेला (स्कीच्या मधल्या अरुंद भागाला) ९५ मिमी, पायाखाली कडक. किक टर्नला (चढताना जागच्या जागी स्की उचलून वळताना) लांबी थोडी नडते, ते मान्य.

चिंधी_स्किन: पावडरचं मान्य. क्रस्टवर तर सगळेच रडतात.

हळूचढ: टक्क्यांचं गणित आज रात्रीच ग्रुपवर टाकतो 😂 ताई, स्पेसर नोट केला. बूट आधी, बाकी नंतर. मग हलकं करायला काही उरतं का? आणि स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या) कुठल्या, मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) की नायलॉन?

पिनवाली_ताई: मिक्स घ्या, ७० टक्के मोहेरवाल्या. नुसतं मोहेर छान घसरतं पण तीव्र चढावर नायलॉन जास्त धरतं, मिक्समध्ये दोन्हीचं थोडंथोडं मिळतं. कापताना फक्त दोन्ही कडा उघड्या ठेवा, बाकी तळ पूर्ण झाकू द्या, वजन वाचवायला अरुंद पट्ट्या नकोत. आणि हो, सकाळच्या कडक बर्फासाठी स्की क्रॅम्पॉन (स्कीखाली लावायचे धातूचे दाते) बाइंडिंगला बसतात ना ते आत्ताच बघून ठेवा.

हलकं करायचंच तर सॅक उघडा. जास्तीचं जॅकेट, दुसरा थर्मास, तो मोठा कॅमेरा. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचे बीकन (सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं मात्र हलवायचं नाही. काटकुळ्यांनाही विचारा त्यांच्याकडे फावडं कसलं आहे, त्या प्लॅस्टिकच्या खेळण्याने तुम्हाला उकरून काढायला त्यांना संध्याकाळ होईल.