ग्वाल्हेरात हे घडलेलं आहे

परग्रहवासीयांनी पृथ्वी बळकावल्यावर बंडखोरांचे सेनापती आपसात भांडतात, असं या कथेत दाखवलंय; ते इथल्या काही वाचकांना पटलेलं नाही. मला तर कथेतला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. आमच्या ग्वाल्हेरचंच बघा. १ जून १८५८ ला मोरारजवळ शिंद्यांची बरीचशी फौज इंग्रजांविरुद्ध उठलेल्या तात्या टोपे, झाशीच्या राणीसाहेब आणि रावसाहेब पेशव्यांना येऊन मिळाली, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले. किल्ला, तोफा, खजिना, सगळं आयतं हाती! आणि मग? फुलबागेत दरबार, मानपान, ब्राह्मणभोजनं. राणीसाहेब लढाईची तयारी करा म्हणून कळवळून सांगत होत्या म्हणतात. पंधरवडा सरतो न सरतो तोच इंग्रज सेनापती ह्यू रोज मोरारला धडकला. राणीसाहेब लढता लढता पडल्या, २० जूनला किल्लाही गेला. म्हणून लेखकाला एकच सुचवेन: पुढच्या भागात फितूर आणू नका, जिंकलेल्या शहराचं करायचं काय, यावरूनच बंडखोर सेनापतींचं आपसात फाटू द्या.