प्रतिसाद: गॅस पेटत नाही म्हणून बायोगॅसची टाकी रिकामी करू नका

ओल्या कचऱ्यापासून स्वयंपाकाचा गॅस बनवणाऱ्या घरगुती बायोगॅसच्या टाकीतून आंबूस वास येतो, गॅस येतो पण पेटत नाही, अशी तक्रार तुम्ही केलीय. त्यावर कुणी दिलेला टाकी उपसून टाकायचा सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही. त्यातले जिवाणू हेच तर खरं भांडवल आहे!

आत दोन टप्प्यांत काम चालतं. पहिले जिवाणू भात, पोळी, फळं भराभर कुजवून आम्लं तयार करतात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, बनवतात, पण त्यांची वाढ फार सावकाश होते. सणावारी उरलेलं सगळं अन्न एकदम ढकललं की आम्ल साचतं, सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या खाली जातो आणि मिथेनवाले गप्प बसतात. मग येणारा वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, तो पेटणार कसा?

आमच्याकडे असंच झालं होतं. आठ-दहा दिवस खाद्य बंद ठेवलं, ताज्या शेणाची दोन बादल्या पातळ रबडी ओतली, आम्ल कमी करायला थोडी चुन्याची निवळी घातली. नंतर रोज अर्धा किलोपासून सुरुवात केली. लिंबाची सालं आणि कांद्याची टरफलं आजही टाकत नाही. थंडीत कोमट पाणी घालतो, कारण या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते.

पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र विकसित केलं, त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. ते चालतं, फक्त मापात भरवावं लागतं. तुम्ही रोज किती किलो घालता आणि टाकी किती लिटरची आहे?