सल्ला हवा: तालुक्याच्या गावी भूशास्त्रावरील जाहीर व्याख्याने कशी ठेवावीत?

बालाघाटची_बाई (उदगीर)

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्या भागातील भूशास्त्राचे काही पदवीधर, दोन निवृत्त अभियंते आणि आम्ही काही शिक्षक मिळून एक लहानसे भूशास्त्र मंडळ चालवतो. मंडळाच्या जाहीर व्याख्यानांची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे, आणि ती नीट पार पाडावी अशी मनापासून इच्छा असल्यामुळे जाणकारांचा सल्ला मागत आहे.

गेल्या दोन वर्षांत आम्ही तीन व्याख्याने ठेवली. वक्ते अभ्यासू होते, परंतु एका व्याख्यानात दीड तास इंग्रजी स्लाइड वाचून दाखवण्यात आल्या. हजेरी घेतली जाणार असल्यामुळे विद्यार्थी बसून राहिले. जवळच्या गावांतून मुद्दाम आलेले सात-आठ शेतकरी मात्र मध्येच उठले. त्यांतील एक वयस्कर गृहस्थ दाराशी थांबून मला म्हणाले, “बाई, आमच्या बोअरला पाणी का लागलं नाही, एवढं तरी सांगतील असं वाटलं होतं.” ते वाक्य मला विसरता आलेले नाही.

यंदा चार व्याख्याने ठेवायची आहेत. पैसे बेताचेच आहेत. वक्त्याचा प्रवासखर्च, मुक्काम आणि चहापाणी एवढेच भागेल. विषय कोणते घ्यावेत, कोणत्या क्रमाने घ्यावेत, मराठीतून बोलणारे वक्ते कोठे भेटतील आणि व्याख्यान महाविद्यालयातच ठेवावे की गावात न्यावे, याविषयी ज्यांनी असे कार्यक्रम केले किंवा ऐकले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आडविहीर (लातूर)

ताई, दाराशी थांबलेल्या त्या गृहस्थांनी तुमच्या पहिल्या व्याख्यानाचा विषय ठरवून दिला आहे. मी भूजलाच्या कामात नोकरीची सारी वर्षे घालवली, त्यामुळे माझा कल विहिरीकडे असणार हे मान्य करून लिहितो. तरीही मराठवाड्यात भूशास्त्राचे व्याख्यान पाण्यापासूनच सुरू व्हावे असे माझे ठाम मत आहे.

आपल्या पायाखालचा बहुतेक खडक बेसाल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक साचत गेले, आणि त्यांचे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहेत. प्रत्येक प्रवाहाचा खालचा-मधला भाग घट्ट असतो, त्याला विहीर खोदणारे काळा पाषाण म्हणतात. वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि त्यांत पांढरी खनिजे भरतात, तो मांजऱ्या. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा थर लागतो. काळ्या पाषाणात पाणी केवळ सांध्यांत आणि भेगांत मावते, तर झिजलेल्या मांजऱ्यात आणि मुरमात ते बऱ्यापैकी साठते. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडे पाणी लागते आणि पलीकडे तीनशे फुटांवर नुसती धूळ उडते. भेग कोठे आहे आणि ती पावसाच्या पाण्याशी जोडलेली आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. खोली वाढवली म्हणजे पाणी वाढते हा समज आपल्या भागातल्या कित्येक घरांना कर्जात घेऊन गेला आहे.

आता व्याख्यानात हे कसे सांगावे? आकडा सांगावा, पण घागरीच्या मापाने सांगावा. भूजलाचा अंदाज बांधताना झिजलेल्या किंवा सांधे असलेल्या मांजऱ्या बेसाल्टमधून त्याच्या घनफळाच्या साधारण २ टक्के पाणी मोकळे होते असे धरतात, आणि नदीकाठच्या वाळूच्या गाळासाठी हेच प्रमाण १६ टक्के धरतात. म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा आपल्या खडकातून सुमारे २० लिटर पाणी येते; तेवढ्याच वाळूतून १६० लिटर. पुढे असे सांगावे की एक हेक्टर शेताखालची पातळी एक मीटर खाली गेली तर आपल्याला जेमतेम २ लाख लिटर पाणी मिळालेले असते. उसाला हेक्टरी दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे ढोबळमानाने धरले तर ते २ कोटी लिटर होते. म्हणजे उसाच्या एका हेक्टरची विहीर आजूबाजूच्या किती शिवारांखालचे पाणी ओढत असते, याचा हिशेब श्रोते स्वतःच करतात. मी हा हिशेब एका गावात फळ्यावर मांडला तेव्हा सभा काही काळ पूर्ण शांत झाली होती, आणि त्यानंतर सव्वा तास प्रश्न चालले. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यामागचे एक मोठे कारण या २ टक्क्यांत आहे.

व्याख्यानाला तीन दगड आणि तीन तसराळी न्यावीत. काळा पाषाण, मांजऱ्या आणि मुरूम प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतावे, आणि ते आत किती मुरते व तसराळ्यात किती उतरते हे पुढच्या रांगेतल्या मुलांकडून मोजवून घ्यावे. आणखी एक आग्रहाची विनंती आहे. वक्त्याबरोबर व्यासपीठावर एखादा जुना विहीर खोदणारा बसवावा. ज्याने पस्तीस-चाळीस विहिरींत उतरून सुरुंग लावले आहेत त्याला थरांची जी ओळख असते ती पुस्तकातून येत नाही, आणि त्याचे शब्द वापरले की श्रोत्यांना विषय आपला वाटतो.

वक्त्यांसाठी प्रथम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जावे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ही यंत्रणा उभी राहिली आणि तेथील भूवैज्ञानिकांना गावागावांच्या विहिरींच्या पातळ्या ठाऊक असतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे, तेथेही मराठीतून उत्तम बोलणारे प्राध्यापक मिळतील. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून याच कामात आहे. तिच्या जवळच्या शाखेला पत्र लिहावे.

मोंढा_रोड (परभणी)

आडविहीर सरांच्या म्हणण्याला जोड म्हणून वेळेविषयी लिहितो. जून-जुलैत पेरणी आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते. त्या काळात कार्यक्रम ठेवल्यास शेतकरी येणार नाहीत. पाण्यावरचे व्याख्यान एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ठेवावे, कारण तेव्हा विहिरींचे तळ उघडे असतात आणि खोदकामेही चालू असतात. शक्य असेल तर एखाद्या कोरड्या विहिरीच्या काठावरच सभा घ्यावी. व्याख्यान पन्नास मिनिटांचे असावे आणि तेवढाच वेळ प्रश्नांना द्यावा, हे वक्त्याला निमंत्रणपत्रातच कळवावे.

तेरणेकाठचा (औसा तालुका)

दुसरा विषय भूकंपाचा घ्यावा लागेल, आणि त्याविषयी मला थोडे जपून पण स्पष्ट सांगायचे आहे. माझे गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावांपैकी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घडले ते आमच्याकडे कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली होती. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. म्हणून वक्त्याला आधीच विनंती करावी की ढिगाऱ्यांची आणि मृतांची छायाचित्रे पडद्यावर दाखवू नयेत. मी एका सभेत ती दाखवलेली पाहिली आहेत. माझ्या शेजारी बसलेल्या आजी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या आणि त्यानंतर वक्ता जे उपयुक्त बोलला ते आमच्यापैकी कोणाच्याही कानात शिरले नाही.

जे सांगायला हवे ते असे. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने तो मध्यम होता. तरी केंद्र उथळ होते आणि आमची घरे जड होती. मातीत रचलेल्या दोन पदरी दगडी भिंती, त्या दोन पदरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचा कित्येक थरांचा मातीचा भार. भिंत बाहेर फुगली आणि माळवद खाली आले. ही यांत्रिक कारणे समजली की माणसाच्या मनातला दैवाचा आणि दोषाचा विचार थोडा हलका होतो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

श्रोत्यांना खडकाची गोष्टही सांगावी. किल्लारी परिसरात शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल विंधन विवर घेतले तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. म्हणजे आपला काळा पाषाण ही वरची गोधडी आहे; भूकंप तिच्या पुष्कळ खाली, त्या जुन्या खडकात जन्मला. १९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखवला जात असे, आणि २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला, हेही लोकांना ठाऊक असायला हवे, कारण घर बांधताना त्याचा संबंध येतो.

हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत कित्येक वर्षे जमिनीतून आवाज येतात, आणि २०२४ मध्ये मार्चच्या २१ तारखेला व पुन्हा १० जुलैला तेथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. त्यानंतर “पुन्हा किल्लारी होणार का?” हा प्रश्न सभेत येणारच. वक्त्याने भाकीत करू नये, कारण भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची पद्धत आज कोणाकडेही नाही. मात्र ४.५ आणि ६.२ यांच्यातील अंतर आकड्यांत लहान दिसले तरी ऊर्जेत ते सुमारे साडेतीनशे पटींचे आहे, हे सांगता येते. आणि तेवढ्यावर न थांबता भिंतीच्या कोपऱ्यांना, छताखाली आणि खिडक्यांच्या वर पट्टे कसे घालावेत, हे एखाद्या अनुभवी गवंड्याकडून दाखवून घ्यावे. माझ्या मते हा अर्धा तास व्याख्यानाहून मोलाचा ठरेल.

व्याख्यान ३० सप्टेंबरला ठेवू नये. तो दिवस आमच्याकडे श्रद्धांजलीचा असतो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी ठेवावे.

बालाघाटची_बाई (उदगीर)

तेरणेकाठचे दादा, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. आम्ही नेमकी ३० सप्टेंबर हीच तारीख धरली होती. ती आजच बदलत आहे. छायाचित्रांविषयीची विनंती निमंत्रणपत्रात लिहीन.

उरलेल्या दोन व्याख्यानांसाठी लोणार आणि वेरूळ असे विषय मनात आहेत. ते योग्य वाटतात का?

लेंडीपार (मुखेड)

दोन्ही विषय चांगले आहेत. लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले तरी आपल्याकडील लोक तेथे नेहमी जातात, आणि बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, सुस्थितीतले विवर जगात फारच दुर्मीळ आहे. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षे सांगत असत. नंतरच्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. विज्ञानात मत का आणि कसे बदलते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. वेरूळला मात्र सभागृहातल्या व्याख्यानापेक्षा लेण्यांसमोर उभे राहूनच बोलावे, म्हणजे ज्या खडकातून कैलास वरून खाली कोरत आणला त्याच खडकातले प्रवाहांचे थर आणि पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्या भिंतीत दाखवता येतात.

तरीही उदगीरच्या मंडळाने या दोन्हींच्या आधी देगलूर-मुखेडकडे यावे असे मी सुचवतो, आणि ते केवळ माझा भाग आहे म्हणून नव्हे. मराठवाडा म्हणजे सगळा काळा दगड असे आपण शाळेपासून ऐकतो. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील या तालुक्यांत बेसाल्टची गोधडी संपते आणि तिच्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. गुलाबी-करड्या रंगाचे गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात आणि मातीचा रंगही पालटतो. हा खडक २५० कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे लाव्ह्याच्या तुलनेत कित्येक पटींनी जुना आहे. किल्लारीला जो खडक तिनशे-साडेतीनशे मीटर खाली विवर घेऊन पाहावा लागला, त्याच जातीच्या खडकावर येथे हात ठेवता येतो. भूकंपाच्या व्याख्यानानंतर ही फेरी ठेवल्यास श्रोत्यांना ते सारे एका दृष्टीत कळेल. उदगीरहून एका दिवसात येऊन जाता येते. दोन्ही खडक एकमेकांना भेटतात ती जागा आधी कोणा जाणकाराकडून पाहून ठेवावी. शेताच्या मालकाची परवानगी मी मिळवून देईन.

बालाघाटची_बाई (उदगीर)

मग क्रम असा ठरवते: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भूकंप, आणि तो औसा तालुक्यातल्या एखाद्या गावी, दिवाळीनंतर मुखेड-देगलूरची फेरी, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी महाविद्यालयात लोणार, आणि एप्रिलअखेर विहिरीच्या काठावर पाण्याचे व्याख्यान. वेरूळ पुढच्या वर्षावर टाकते. पाणी शेवटी गेले याचे वाईट वाटते, परंतु मोंढा रोड यांचे ऋतूचे म्हणणे पटते. त्या दाराशी थांबलेल्या गृहस्थांचे गाव मला माहीत आहे. चौथे व्याख्यान तेथेच घेऊ.

आडविहीर सर, आपणच त्या सभेला याल का?

आडविहीर (लातूर)

येईन. प्रवासखर्च नको. सभेच्या महिनाभर आधी त्या गावच्या पाच-सहा विहिरींची खोली, पाण्याची पातळी आणि कोणत्या फुटावर कोणता थर लागला, एवढे विद्यार्थ्यांकडून लिहून घेऊन मला पाठवा, म्हणजे फळ्यावरचा हिशेब त्यांच्याच विहिरींचा मांडता येईल. काळा पाषाण आणि मुरूम मी आणतो. मांजऱ्या त्याच गावच्या विहिरीतून निघालेला असावा. कोणाच्या तरी बांधावर त्याचा ढीग नक्की पडलेला असेल.