बॉम्ब बनवायला शिकवणारा वकील पुढे पंतप्रधान होतो, क्रिस्पीबद्दल कुणी वाचलंय का?

रानवाट:
आपल्याकडे सावरकरांमुळे मॅझिनी, म्हणजे इटली एक करून तिथे प्रजासत्ताक आणू पाहणारा क्रांतिकारक, सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या माणसांबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही. मला फ्रान्चेस्को क्रिस्पीबद्दल विचारायचंय. सिसिलीतल्या रिबेरा नावाच्या लहान गावातला वकील, नेपल्सला प्रॅक्टिस करत होता, मग एकदम कटकारस्थानात कसा काय पडला? आणि शेवटी इटलीच्या राजाचा पंतप्रधान? मला हे काही जुळत नाहीये.

जुनीपाने:
एकदम नाही पडला. जानेवारी १८४८ ला सिसिलीतल्या पालेर्मोत, नेपल्स आणि सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बों घराण्याच्या राजाविरुद्ध उठाव झाला तेव्हा हा नेपल्स सोडून तिकडे गेला, तिथल्या क्रांतिकारी सरकारात काम केलं, स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. १८४९ ला उठाव चिरडला आणि माफीच्या यादीतून याला वगळलं, म्हणजे घरी परतायचे दोरच कापले गेले. मग तुरीन, तिथून १८५३ ला हद्दपार, माल्टा, तिथूनही हद्दपार, लंडनला मॅझिनीजवळ, मग पॅरिस, तिथूनही हाकलला. १८५९ ला खोट्या पासपोर्टवर वेष बदलून सिसिलीत शिरला आणि गुप्त गटांना बॉम्ब बनवायला शिकवत फिरला.

पण खरा प्रसंग एप्रिल १८६० चा. इटलीच्या एकीसाठी लढणारा सेनानी गॅरिबाल्डी सिसिलीवर जायचं की नाही या विचारात अडकलेला, त्यात माल्टाहून सांकेतिक तार आली, सिसिलीतला नवा उठाव फसला. गॅरिबाल्डीने बेत सोडून दिला. क्रिस्पीने ती तार परत उलगडली आणि सांगितलं की पालेर्मो शहरात फसलाय पण खेड्यापाड्यात चालू आहे. त्याने ती मुद्दाम बदलली का यावर इतिहासकार अजून भांडतात, मला स्वतःला वाटतं बदलली असावी. ५ मेच्या रात्री जिनोव्हाजवळच्या क्वार्तोहून गॅरिबाल्डीसोबत हजारभर माणसं दोन बोटींतून निघाली आणि ११ ला सिसिलीतल्या मार्सालाला उतरली.

ओसरी:
त्या हजारात एकच बाई होती, क्रिस्पीची बायको रोझालिया मोंमासाँ, तिला विसरू नका प्लीज. सव्हॉयची, धोबीकाम करणारी, तुरीनला भेटली, १८५४ ला माल्टात लग्न झालं, हद्दपारीत सोबत राहिली, मोहिमेआधी निरोप पोचवले, कालाताफिमीच्या लढाईत जखमींची शुश्रूषा केली. आणि १८७८ ला गृहमंत्री असताना याने दुसरीशी लग्न केलं, बोभाटा झाला, राजीनामा द्यावा लागला, पण कोर्टाने निकाल काय दिला तर माल्टाचं लग्नच वैध नव्हतं. वकील होता ना. मला हे वाचून फार राग आला होता, अजूनही येतो.

जुनीपाने:
राग बरोबरच आहे. रानवाट, तुमच्या जुळण्याच्या प्रश्नाचं उत्तर १८६४ मध्ये आहे. तेव्हा तो म्हणाला की राजेशाही आपल्याला जोडते, प्रजासत्ताक आपल्यात फूट पाडेल. मॅझिनीशी तिथेच फाटलं. त्याला आधी इटलीची एकी हवी होती, बाकी सगळं नंतर, असं मला वाटतं. म्हणून १८९४ ला सिसिलीतले शेतकरी जमीन आणि करांसाठी उठले तेव्हा याच माणसाने, पंतप्रधान म्हणून, तिथे मार्शल लॉ लावला, पुढाऱ्यांना लष्करी कोर्टापुढे उभं केलं. १८९६ ला अदुवाला इथिओपियाकडून इटलीचा पराभव झाला आणि त्याचं सरकार गेलं.

रानवाट:
धन्यवाद दोघांना. ज्या खेड्यांत लपतछपत बॉम्ब शिकवायला गेला तिथेच पस्तीस वर्षांनी फौज पाठवली, हे डोक्यातून जातच नाहीये. आता रोझालियाबद्दल वाचायला घेतो.